गॅसला धूर नाही, म्हणून दार लावून झोपू नका

डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. अशी थंडी पडली की गावागावांत खोलीत सिगडी नाहीतर गॅसचा हीटर लागतो आणि दारं-खिडक्या गच्च बंद होतात. गॅस असला तर लोक आणखीच बिनधास्त. धूर नाही, काजळी नाही, मग काय होते?

चुलीपेक्षा गॅस कितीतरी चांगला, यात वादच नाही. पऱ्हाट्या-तुराट्यांचा धूर गिळत ज्या बायांची उमर गेली, त्यांना परत चुलीपुढे बसवा असं कोणी म्हणू नये. पण स्वयंपाक तासा-दीड तासात उरकतो आणि तेव्हा दार उघडं असतं. हीटर मात्र रात्रभर चालतो.

हिशोब करा. १० बाय १० ची, १० फूट उंच खोली म्हणजे २८ घनमीटर हवा. हीटरला ताशी २०० ग्रॅम गॅस लागतो असं धरा. एक किलो गॅस जळायला साधारण १२ घनमीटर हवा लागते, म्हणजे तासाला जवळपास अडीच घनमीटर. बाहेरून हवा आलीच नाही तर दोन तासांत ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साडेसतराच्या आसपास येतो. शिवाय तासाला पाव लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन खोलीतच राहतं. सकाळी खिडकीच्या काचेला घाम सुटतो आणि कोपऱ्यात बुरशी धरते, ती त्यामुळंच.

ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडर गळला की येतो तो वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. जळताना तोही जळून जातो, म्हणून नाकावर विसंबू नका. निळी ज्योत पिवळी पडली, भांड्याला काजळी धरू लागली, तर बर्नरची भोकं आणि हवा घेणारं तोंड साफ करा. धूळ किंवा कोळ्याचं जाळं अडकलेलं असतं. निळ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतोच, दम्याच्या लेकरांना तो सोसत नाही.

निखाऱ्यांचं तर याहून वाईट. धूर थांबला की सिगडी आत आणायची, ही आपली जुनी रीत. पण धूर थांबला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. कवेलूच्या घरात फटींतून वारा खेळायचा म्हणून निभावून गेलं. स्लॅबच्या खोलीत निभत नाही. सिगडी अंगणातच ठेवा.

हीटर लावायचाच असेल तर ऑक्सिजन घटला की आपोआप बंद होणारा घ्या. भिंतीत एक झरोका खाली, एक वर, आणि थंडी लागते म्हणून त्यांत चिंध्या कोंबू नका. झोपायच्या अर्धा तास आधी हीटर बंद, दहा मिनिटं दार उघडं, मग वाकळ घ्या.

घरातल्या दोघा-तिघांचं एकदमच डोकं दुखलं, मळमळलं, सुस्ती आली आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर ती सर्दी नव्हे. सगळ्यांना बाहेर काढा, १०८ ला फोन लावा. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून निश्चिंत होऊ नका. रक्तात कार्बन मोनॉक्साइड चिकटला असला तरी तो ९८ दाखवू शकतो. डॉक्टरला आधी एवढंच सांगा की बंद खोलीत गॅस किंवा सिगडी पेटलेली होती.