साटोंच्या माथी खापर कशाला?

जपानच्या ३१ व्या डिव्हिजनचे सेनापती साटो यांनी हुकूम मोडून माघार घेतली म्हणून कोहिमा जपान्यांच्या हातून गेलं, हे कोहिमाच्या लढाईवरच्या लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. १९४४ च्या मार्चमध्ये या डिव्हिजनने ब्रह्मदेशातली चिंदविन नदी ओलांडली तेव्हा जवळ शिधा जेमतेम तीन आठवड्यांचा, सोबत हाकत आणलेली गुरं बरीचशी नदीतच बुडाली, आणि साटोंचे वरिष्ठ मुतागुची मागे बसून लढत राहा म्हणतायत. मे संपेपर्यंत माणसं उपाशी, वर पाऊस, अशात साटोंनी पोरांना मागे आणलं तर काय चुकलं? त्यांना कोर्ट मार्शल हवं होतं, कारण तिथे सगळं बाहेर काढता आलं असतं, पण वरच्यांनी त्यांना मनोरुग्ण ठरवून विषयच मिटवला.

आणि मणिपूरमधल्या संगशाकच्या लढाईचा एका ओळीतही उल्लेख नाही याचं खरंच वाईट वाटलं. याच डिव्हिजनची ५८ वी रेजिमेंट जपानी सेनाधिकारी मियाझाकींच्या हाताखाली तिथे २२ ते २६ मार्च अडकून पडली, समोर भारतीय पॅराशूट ब्रिगेडसोबत आपली मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती, खाली कातळ त्यामुळे खंदक धड खोदता येईनात, प्यायला पाणी नाही, विमानातून टाकलेला बराचसा माल जपान्यांच्या हद्दीत पडायचा. कोहिमाला तयारीला जे दिवस मिळाले ते या लोकांमुळे, तेवढं तरी लेखात टाका प्लीज.