बंदूक घ्यायचीय? मग आधी एटीएम गाठा

तर मंडळी, तुमच्यापैकी जे टेक्सासात, फ्लोरिडात ग्रीन कार्ड मिळवून बॅकयार्डात सुखाने कणसं भाजताय आणि ज्यांच्या कानात ऑफिसातल्या कुणा कलीगने लंचला कुजबुज केलीय की 'बँक सगळं बघतेय, बंदूक घ्यायची तर कॅशनेच घे', त्यांच्यासाठी हा फुकटचा सल्ला. एच-वन-बी, म्हणजे कामाच्या व्हिसावाल्यांनी पुढे नाही वाचलं तरी चालेल, शिकारीचं लायसन्स वगैरे भानगडी केल्याशिवाय तुम्हाला बंदूक मिळत नाही, तुम्ही आपले कॉस्टकोत जा.

आधी घाबरायचं कशाला ते नीट समजून घ्या, नाहीतर उगाच चुकीच्या गोष्टीला घाबराल. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जीव गेले, पुढच्या महिन्यात सिटी बँकेने आपल्या दुकानदार ग्राहकांना सांगितलं की २१ च्या आतल्या पोराला बंदूक विकू नका, बॅकग्राउंड चेक पुरा झाल्याशिवाय विकू नका, बंप स्टॉक, म्हणजे बंदुकीतून धडाधड गोळ्या सुटाव्यात म्हणून लावायचा दस्ता, ठेवू नका. एप्रिलमध्ये बँक ऑफ अमेरिका म्हणाली की लष्करी थाटाच्या बंदुका पब्लिकसाठी बनवणाऱ्या कंपन्यांना आम्ही कर्ज देणार नाही. झालं! नियम दुकानदाराला, कर्ज कारखानदाराचं, आणि खिशातलं कार्ड दाबून धरून बसला कोण तर आपला कलीग. सिटीने तो नियम जून २०२५ मध्ये गुंडाळला सुद्धा, पण एकदा बसलेली भीती अशी थोडीच गुंडाळता येते, पैसे मोजून घेतलीय ती.

आता मुख्य व्हिलन, ५७२३. कार्ड घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला चार आकडी कोड असतो, किराणावाल्याचा वेगळा, न्हाव्याचा वेगळा. बंदुकीची दुकानं वर्षानुवर्षं ५९४१ मध्ये, म्हणजे टेनिसच्या रॅकेटी आणि सायकलच्या हेल्मेटांबरोबर गुण्यागोविंदाने नांदत होती. मग अमॅल्गमेटेड नावाच्या एका अमेरिकन बँकेने अर्ज केला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयएसओने, म्हणजे असली जागतिक मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, बंदुकीच्या दुकानांना ५७२३ हा वेगळा कोड दिला. गंमत अशी की हा कोड फक्त दुकान सांगतो, माल सांगत नाही. तुम्ही हजार डॉलरची रायफल घ्या नाहीतर ती पोरांच्या हाती लागू नये म्हणून हजार डॉलरची तिजोरी घ्या, बँकेला दोन्ही सारखंच. व्हिसा-मास्टरकार्डने आधी हो म्हटलं, मार्च २०२३ मध्ये ब्रेक लावला. मग कॅलिफोर्नियाने कोड सक्तीचा केला आणि टेक्सास-फ्लोरिडाने त्यावर बंदी घातली. म्हणजे टेक्सासात बसून तुम्ही ज्या कोडपासून लपताय तो तुमच्या दुकानाला लावायलाच मनाई आहे. तरी लपा. लपण्यात एक वेगळी मजा असते.

मी त्या कलीगबरोबर एकदा दुकानात गेलो होतो, गाडी माझी होती म्हणून. त्याने रबरबँड लावलेलं शंभराच्या नोटांचं पुडकं काउंटरवर ठेवलं, वर फ्रँकलिनबाबा ओठ दाबून बघतायत. दुकानदाराने एकेक नोट उजेडात धरून त्यावर ते खोट्या नोटा ओळखायचं पेन फिरवलं आणि मग काउंटरखालून शांतपणे फॉर्म ४४७३, म्हणजे दुकानातून बंदूक घेताना भरायचा सरकारी फॉर्म, पुढे सरकवला. त्यात नाव, पत्ता, जन्मठिकाण, उंची, वजन, वंश, सगळं! (वजन खरं लिहा, लग्न जमवताना लिहिलं होतं ते नको.) मग बॅकग्राउंड चेकसाठी एफबीआयच्या यंत्रणेकडे विचारणा. तो फॉर्म दुकानात जपून राहतो आणि दुकान बंद पडलं की खोक्यात भरून वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला सरकारी ऑफिसात जातो, तिथे स्कॅन होतो, पण नावाने सर्च करायची सोय ठेवायची नाही असा कायदाच आहे म्हणून माणसं एकेक पान पुढे ढकलत शोधतात. मला तर आपल्या तलाठी ऑफिसातले लाल फडक्यात बांधलेले बस्तेच आठवले. तुमच्या प्रायव्हसीची एवढी काळजी बँकेने काय कुणीच घेतली नसेल, राव.

आणि कॅशची खरी मौज तर पुढेच आहे. दहा हजार डॉलरच्या वर रोकडा दिलात की दुकानदाराला तुमचं नाव लिहून आयआरएसला, म्हणजे तिथल्या इन्कम टॅक्सवाल्यांना, फॉर्म ८३०० पाठवावा लागतो. कार्ड घासलं तर नाही! म्हणजे सरकारच्या डोळ्यात भरायचं असेल तर कॅशसारखा उपाय नाही. 'मग मी तुकडे तुकडे करून देतो' असं डोकं चालवाल तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, त्यालाही वेगळा वकील लागतो.

बँक सगळं बघते म्हणे. २०१६ मध्ये ऑर्लँडोच्या पल्स क्लबमध्ये ४९ माणसं मारणाऱ्याने आधीच्या बारा दिवसांत कार्डांवर २६ हजारांहून जास्त डॉलर उधळले होते, बँक खरेदी अडवते का तेही त्याने नेटवर शोधून पाहिलं होतं. कुणी अडवलं नाही. आणि इकडे माझं कार्ड, पुण्यात बाजीराव रोडवर अर्धा किलो बाकरवडी घेताना ब्लॉक! मागे लाइन खोळंबलेली, काउंटरवरचा माणूस पुणेरी नजरेने बघतोय आणि फोनवर बाई मला विचारतेय की सर, हा तीन डॉलरचा संशयास्पद व्यवहार तुम्हीच केलात का.

असो. नोटा शंभराच्याच न्या, विसाच्या मोजताना दुकानदार वैतागतो. दुकानाच्या पॉइंटचं कार्ड मात्र विसरू नका, कलीगनेही फोन नंबर सांगून पॉइंट जमा करून घेतलेच, सोडतो कशाला. निघताना दुकानदार म्हणाला पावती ईमेल करू का, तर हा गडी जीमेलचा पत्ता स्पेलिंगसकट दोनदा सांगून मोकळा.