एसएमपीएस किलोवर तोलायचा नसतो

नवा पीसी जुळवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सध्या फार फिरतोय: जुन्या पीसीतला एसएमपीएस (भिंतीतली वीज पीसीच्या भागांना लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणारा डबा) काढा, नव्यात लावा, तीन-चार हजार वाचवा. कारणं चार दिली जातात. जुना जड असतो, म्हणजे आत माल भरपूर. वॅट तेवढेच आहेत. दहा वर्षं टिकला, म्हणजे पुढेही टिकेल. आणि शंका आलीच तर हिरवी वायर काळीला जोडा. पंखा फिरला की एसएमपीएस ओके.

वजनाचं आधी उरकून टाकू. अनेक जुन्या जड एसएमपीएसमध्ये पॅसिव्ह पीएफसीसाठी, म्हणजे भिंतीतून वीज नीट ओढली जावी म्हणून, लोखंडी गाभ्याचा मोठा चोक (तारेचं वेटोळं) बसवलेला असायचा. आता ते काम अ‍ॅक्टिव्ह सर्किट करतं. स्विचिंगचा, म्हणजे आत वीज चालू-बंद करण्याचा, वेग वाढला की ट्रान्सफॉर्मरही लहान पुरतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेला, हातात रिकाम्या डब्यासारखा लागणारा एसएमपीएस मात्र संशयास्पदच. तेवढ्यापुरतं ते म्हणणं खरं आहे.

खरी गोम वॅटमध्ये आहे. पेंटियम 3 च्या काळात प्रोसेसर मुख्यतः 5 व्होल्टवर चालायचा. 2000 साली पेंटियम 4 सोबत प्रोसेसरसाठी वेगळी चार पिनांची 12 व्होल्टची वायर आली आणि तिथून सगळा भार हळूहळू 12 कडे सरकला. त्यामुळे एसएमपीएसवरचं मोठ्या अक्षरांतलं ‘450 वॅट’ वाचू नका, बाजूचा बारीक तक्ता वाचा. तिथे 12 व्होल्टसमोर 16 अँपिअर असेल, तर तुमच्या कामाचे वॅट 192. बाकीचे 5 आणि 3.3 व्होल्टवर, ज्यांना आजचा पीसी फारसं विचारत नाही. आता सहा पिनांचं जोडणं लागणारं ग्राफिक्स कार्ड घ्या: 75 वॅट स्लॉटमधून, 75 त्या वायरीतून. दीडशे तिथेच गेले, प्रोसेसर अजून जेवायला बसायचाय! अशा वेळी लोक मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या जोडणीवरून) सहा पिन करणारा कन्व्हर्टर लावतात. त्याने पिना वाढतात, अँपिअर नाही.

दहा वर्षं टिकला, हे कौतुकाचंच. पण आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमधलं द्रव हळूहळू आटत असतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि धुळीने चोंदलेला पंखा तापमान वाढवतोच. (म्हणून घरी उघडून साफ करायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात.) असा एसएमपीएस एका दिवसात मरेलच असं नाही. आधी पीसी मध्येच रिस्टार्ट होतो, लाइट गेल्यावर यूपीएस बॅटरीवर येण्याआधीच बंद पडतो, आणि आपण विंडोज नव्याने टाकत बसतो.

हिरव्या-काळ्या वायरीची चाचणी एवढंच सांगते की एसएमपीएस सुरू होतो. भार शून्य असताना पंखा कोणीही फिरवेल. 12 व्होल्टची लाइन पूर्ण भारावर 11.4 ते 12.6 मध्ये राहते का, हे त्यातून कळत नाही. रिपल, म्हणजे त्या व्होल्टमधली बारीक थरथर, तर साध्या मल्टिमीटरवरही धड दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो.

राहिले वाचलेले तीन हजार. पीसीला आत 150 वॅट लागतात असं धरा. 70 टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून 214 खेचतो, 88 टक्क्यांचा 170. रोज आठ तास चालवलात तर वर्षाला फरक सव्वाशे युनिटच्या वर. तुमच्या बिलातल्या दराने गुणून बघा.

म्हणून नवा तो चांगला, असंही मी म्हणणार नाही. एकीकडे नामांकित कंपनीचा, वॉरंटीत असलेला, तीन वर्षं वापरलेला 550 वॅटचा एसएमपीएस आणि दुसरीकडे तक्ताच नसलेला कोरा ‘500 वॅट’ ठेवला, तर मी डोळे झाकून जुनाच उचलेन. फक्त मॉड्युलर (वायरी सुट्या निघणारा) असेल तर त्याच्यासोबत आलेल्या मूळ वायरीच मागून घ्या. दुसऱ्या कंपनीची वायर खोबणीत बसते, पण पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग पहिल्याच बटणाला एसएसडी जाते.