काट्याला आकडे नसतात, हे मान्य

नमस्कार दादा,

कुत्र्याला साळिंदराचे काटे लागले तर काय करावं, यावर मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: काट्याला आकडे, म्हणजे माशाच्या गळासारखी उलटी टोकं, असतात हे मी लिहिलं ते साफ चूक. तुम्ही चाळीस वर्षं कारवान जातीची शिकारी कुत्री पाळताय, हातानं शेकड्यानं काटे उपसलेत. काटा मधे कापला की आतली हवा जाते, तो सैल होतो, उपसून हळद भरली की काम झालं. आणि रात्री दोन वाजता डॉक्टर गाठा म्हणणं म्हणजे शहरात बसून शेतकऱ्याला शहाणपण शिकवणं.

आकड्यांबद्दल तुम्ही बरोबर आहात. मी चुकलो, ते वाक्य काढून टाकलंय. आकडे असतात ते उत्तर अमेरिकेतल्या साळिंदराच्या काट्यांना, तेही भिंगाखाली दिसतील असे बारीक. इंटरनेटवर या विषयावर सापडतं ते बहुतेक तिकडचं, आणि मी ते न तपासता आपल्या साळिंदराला लावलं. आपलं साळिंदर कुळानंच वेगळं.

पण आकडे नाहीत म्हणून काटा सोपा, हे मला पटत नाही. पाठीवरचे लांब, लवलवणारे काटे नुसते दिसायला भारी. घात करतात ते मागच्या बाजूला त्यांच्याखाली दडलेले आखूड, जाड, ताठ काटे. साळिंदर काटे फेकत नाही. आधी शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवून दम देतं, आणि कुत्रं तरी हटलं नाही तर उलट्या पावली येऊन भिडतं. आपलं कारवान सुसाट धावणारं. ते स्वतःच्याच वेगानं त्या भाल्यांवर आदळतं. संस्कृतात साळिंदराला ‘श्वाविध्’ म्हणतात, म्हणजे कुत्र्याला भोसकणारा. जुन्या लोकांनी हे किती जवळून पाहिलं असेल!

जिम कॉर्बेटनं मारलेल्या मुक्तेश्वरच्या नरभक्षक वाघिणीच्या पुढच्या पायात पन्नासेक काटे होते. काही हाडाला आपटून दुमडलेले. तिकडचं साळिंदरही आपल्यासारखंच, बिनआकड्यांचं. तरी ते काटे आत राहिले आणि जखमा चिघळल्या.

आता कापण्याबद्दल. अंगात घुसणाऱ्या काट्यात फुग्यासारखी हवा नसते, आत भेंडासारखा गर असतो. कापून तो आकसत नाही, उलट उभा चिरतो आणि पकडायला टोकच उरत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याकडे आजोबांच्या काळात सशामागं कुत्री सोडायचे. आता ससा काय, साळिंदर काय, मारणं १९७२च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि मी तसली शिकार करत नाही. पण माझी कुत्री तेजी डाळिंबाच्या बागेत राखणीला असते आणि साळिंदर रात्री बागेत येतंच. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात ती ओट्यावर येऊन नुसती उभी राहिली. ना केकाटली, ना बसली. बॅटरीच्या उजेडात अकरा काटे मोजले. खांद्यामागचा एक मी कापला, आजोबांनी शिकवलं होतं म्हणून, अगदी तुम्ही सांगता तसा. ओढताना तो चिरफळला. टोक आत राहिलं हे मला कळलंसुद्धा नाही, कारण बाकीचे दहा सरळ निघाले होते आणि आठवड्यात जखमा भरल्या. पाचव्या आठवड्यात तिथं लिंबाएवढी गाठ आली. डॉक्टरांनी फोडली तेव्हा पुवाबरोबर बोटाच्या पेराएवढं काळं टोक बाहेर आलं. जसंच्या तसं, जराही न विरघळलेलं. ते मी अजून डबीत ठेवलंय.

वाडवडिलांची कुत्री बरी झाली, हे खरंच. पण महिनाभरानं खंगून गेलेल्या कुत्र्याचं मरण त्या काट्याच्या नावावर कुणी लिहून ठेवलं होतं का? आमच्या घरात तरी नाही.

कॅनडात पशुवैद्यांनी काटे लागलेल्या २९६ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. २४ तासांनंतर आणलेल्या कुत्र्यांत गुंतागुंत जास्त होती. तिथले काटे आकड्यांचे, हे धरूनही उशीर वाईट, हे आपल्यालाही लागू आहे.

रात्रीची अडचण मात्र मी आधी लिहायला हवी होती. डॉक्टर सकाळशिवाय मिळणार नसेल तर पायावरचे, वरवरचे काटे पकडीनं अगदी कातडीजवळ धरून, ज्या रेषेत घुसलेत त्याच रेषेत सरळ बाहेर ओढा. पिळू नका. प्रत्येक काट्याचं टोक शाबूत आहे का पाहा आणि सगळे काटे जपून ठेवा. छाती, पोट, गळा, डोळ्याजवळ, सांध्यावर हात लावू नका. छातीतला काटा तुम्ही उपसलात आणि त्या भोकातून हवा आत गेली, तर कुत्रं तुमच्या डोळ्यांदेखत जाऊ शकतं. त्याला शांत बांधून ठेवा, पंज्यानं तोंड घासू देऊ नका. घरातली दुखण्याची गोळी देऊ नका, माणसाची औषधं कुत्र्याला विषासारखी लागू शकतात. पावसाळ्यात जखमेत अळ्या पडतात, रोज उघडून बघा. हळदीला माझा विरोध नाही, पण ती वरून लागते आणि टोक आत असतं.

आणि कारवान असेल तर गुंगी देण्याआधी डॉक्टरांना जात आणि नेमकं वजन सांगा. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार कमी असते आणि त्यांचं यकृतही असं औषध सावकाश पचवतं, त्यामुळं थायोपेंटोनसारख्या औषधाची गुंगी लवकर उतरत नाही.

तुमच्या प्रतिक्रियेतलं शेवटचं वाक्य मात्र माझ्या मनातून जात नाही. ‘गेल्या दिवाळीत काटे लागलेला आमचा वाघ्या आजही ठणठणीत आहे, फक्त पुढचा पाय जरा उचलून टाकतो.’ दादा, हा पाय दाखवाच. एक्स-रेत काटा बहुतेक दिसत नाही, म्हणून नुसत्या एक्स-रेवर थांबू नका, सोनोग्राफी करायला सांगा. त्यासाठी सांगलीला यायचं ठरलं तर मला इथंच कळवा, मी तुमच्याबरोबर येतो.