आमच्या काळ्या रानात चुंबक फसवतो

आकाशात अग्निगोल, म्हणजे पेटती उल्का, फुटला की तिचे तुकडे शोधायला चुंबक घेऊन शेतं धुंडाळा, असं एका लेखात म्हटलंय. आमच्या जालन्याकडं एवढ्यावर भागत नाही हो. इथला दगड बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा, त्यात मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकीय खनिज असतं, म्हणून बांधावरचा साधा धोंडासुद्धा चुंबकाला थोडा ओढतो. खरी ओळख सालीवरून. उल्केवर जळकी, काळपट, कागदासारखी पातळ साल असते, कधी ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे खळगे. कोपरा उडालेला असेल तर आत राखाडी रंग आणि बहुधा धातूचे बारीक चमकते कण. आमच्या दगडाला मात्र भोकं असतात, त्यात पांढरे स्फटिक भरलेले. भोकं दिसली की सोडून द्या.

जड तुकडे गोळ्याच्या वाटेवर पुढं जातात, हलके अलीकडंच पडतात, वाऱ्यानं बाजूलाही सरकतात. म्हणून गोळा कुठल्या दिशेनं गेला ते आधी विचारा. कापूस वेचणाऱ्या बायांना तर जरूर विचारा, त्यांच्याइतकं जमिनीकडं कोण बघतं?

आणि पावसाच्या आत शोधा, आतलं लोखंड गंजतं. २०१२ च्या मे महिन्यात नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला उल्का पडल्या, तेव्हा पावसाळा तोंडावरच होता. तुकडा सापडला तर धुऊ नका, फोडू नका, जागेचा फोटो काढा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.