कोरी पानं

आज भाची रडत होती. कारण ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

'२१ दिवसांत सवय' असं छापलेली एक जाडजूड वही तिने साठवलेल्या पैशांतून घेतली होती. रोज चौकोन रंगवायचे. पहाटे उठले, पाणी प्यायले, तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या. चौदाव्या दिवशी ताप आला, चौकोन राहिले. वही म्हणते, एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. "मावशी, माझ्याच्याने काहीच होत नाही गं."

सोळा वर्षांची पोर!

माझी आई पतपेढीच्या फुकट डायरीत लिहायची. रात्री ओटा पुसून झाला की उभ्या उभ्या, दोन ओळी. "नवा गॅस लावला. पाऊस नाही. आज पाच चहा." साखर निघाल्यापासून ती चहा मोजायची. पानोपानी पाच, चार, पाच, सहा (पाहुणे होते), चार. दोनावर यायला वर्ष लागलं तिला. वर्ष!

हे २१ आलं कुठून? १९६० साली एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनने लिहिलं, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला निदान २१ दिवस लागतात. त्यातलं 'निदान' गळालं आणि बाजार उभा राहिला. पुढे लंडनच्या संशोधकांनी खरोखर माणसांवर पाहिलं, तर सरासरी ६६ दिवस. कुणाला १८, कुणाला २५४. आणि मधला एखादा दिवस चुकला तर विशेष काही बिघडत नाही. हे छापा ना वहीवर!

चौकोनांनी काहींना मदत होते, मान्य. माझी बहीण त्यांच्याच जोरावर रोज चालायला जायला लागली.

पण आईची डायरी डोळ्यांसमोरून जात नाही. बाबा गेले त्या वर्षीची. ऑगस्टपासून पानं कोरी. गणपती कोरे, नवरात्र कोरं. मग दिवाळीनंतर एका पानावर, त्याच अक्षरात, "आज तीन चहा." मागची पानं भरली नाहीत, खाडाखोड नाही, पहिल्यापासून सुरुवात नाही. जिथे होती तिथून पुढे. ते पान मी कितीदा उघडून पाहिलंय.

रागाच्या भरात भाचीची ती वही फेकणार होते. नाही फेकली, तिच्या पैशांची आहे. कपाटातून आईची ती डायरी काढून तिच्या हातात दिली.

साडेअकरा वाजलेत. तिच्या खोलीतला दिवा अजून चालू आहे. मघाशी आतूनच विचारलं तिने, "मावशी, आजी इतके दिवस काय करत होती गं?"

आता जाऊन बसते तिच्यापाशी.