लैंगिक शिक्षणावरच्या त्या मेसेजला माझं उत्तर

आमच्या इंदूरच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय. शाळेत सेक्स एज्युकेशन आणलं की मुलं वेळेआधी बिघडतील, हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, आणि असल्या गोष्टी घरी आईनं सांगायच्या असतात. खाली बारा जणांचे हात जोडलेले. मी 22 वर्षं शाळेत बायोलॉजी शिकवली, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

बिघडतील म्हणता, तर युनेस्कोनं देशोदेशीचे अभ्यास तपासून 2018 साली जी मार्गदर्शिका काढली त्यात साफ लिहिलंय की या शिक्षणानं मुलांमधले शरीरसंबंध वाढत नाहीत. आपल्या सुप्रीम कोर्टानंही सप्टेंबर 2024 च्या निकालात हा गैरसमजच असल्याचं म्हटलंय. आणि मुलांना काहीच माहीत नसतं असं कोण म्हणतं? मी वर्गात एक खोका ठेवायचे, नाव न लिहिता प्रश्नाची चिठ्ठी टाका म्हणून. त्यात यायचं, रात्री कपडे ओले होतात, हा रोग आहे का, पाळी दोन महिने आली नाही तर मी मरेन का. एका मुलानं तर वीर्य गेलं की रक्त कमी होतं असं भिंतीवरच्या जाहिरातीत वाचून कुठल्याशा तंबूतल्या वैद्याला ट्युशनच्या फीचे पैसे देऊन टाकले होते. त्याला कोणी दहा मिनिटं नीट सांगितलं असतं तर? मला अजून वाईट वाटतं त्याचं.

पाश्चात्त्य म्हणाल तर र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं नि 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मराठीतच चालवलं. शंभर वर्षं झाली की.

आता घरी आई सांगेल हे. आपल्याला काय सांगितलं होतं हो? कावळा शिवलाय, लोणच्याला हात लावू नकोस, बस. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीची पुरेशी माहिती असलेल्या बायका 21.6 टक्के आणि पुरुष 30.7 टक्के निघाले, म्हणजे आई-बाबांनाच माहीत नाही तर मुलांना कोण सांगणार. शिवाय केंद्र सरकारच्या 2007 च्या अभ्यासात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्रास देणारे बरेचसे ओळखीतलेच. माझ्याकडे सातवीतली एक मुलगी शरीराच्या सुरक्षिततेचा तास झाल्यावर मागे थांबली आणि शेजारच्या 'काकां'बद्दल बोलली, त्याआधी दोन वर्षं ती घरी फक्त पोट दुखतं एवढंच म्हणायची, कारण जे होत होतं त्याला तिच्याकडे शब्दच नव्हता. आईनं जीव ओतून वाढवलेली मुलगी ती, आईची काही चूक नव्हती.

लहान मुलांना भलतंच दाखवतील ही भीती मला कळते, आणि म्हणूनच वयाप्रमाणे शिकवायचं असतं. चौथी-पाचवीत अवयवांची खरी नावं, नको म्हणायचं कसं, 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर. पाळी यायच्या आधी पाळीची माहिती, मुलग्यांनासुद्धा. नववी-दहावीत गर्भधारणा, आजार, संमती, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा. आपल्या मध्य प्रदेशात 2007 साली शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला होता, आणि दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा असूनही आजही कितीतरी शिक्षक "घरी वाचून घ्या" म्हणून पान उलटतात.

शनिवारी नातीच्या शाळेत पीटीएम, म्हणजे पालक-शिक्षक सभा आहे. तो धडा वर्गात शिकवला का, मुलामुलींना एकत्र शिकवला का, हे मी सगळ्यांसमोर विचारणार आहे, ग्रुपमधल्या ज्या आयांना यायचंय त्यांनी साडेनऊला गेटपाशी भेटा.